बाटलीतला जाळ



आज गॅसच्या बाटलीबद्दल बोलायचं आहे. त्यात काय बोलायचं, नंबर लावला की येते आणि संपली की जाते, असं तुमच्यातली एखादी म्हणेल. आम्हीही गेल्या माघातल्या जत्रेपर्यंत असंच म्हणत होतो.

झालं असं. आमच्या ग्रामसंघातल्या एका गटानं बँकेचं कर्ज काढून जुना टेम्पो घेतला आणि त्याची खाद्यगाडी केली. मागच्या बाजूला पत्र्याच्या कप्प्यात १९ किलोचा सिलिंडर, त्याला रेग्युलेटर, तिथून गाडीच्या आत गेलेली तांब्याची नळी आणि त्या नळीवर दोन शेगड्या. एकीवर चहा, दुसरीवर भजी. धंदा बरा चालला होता. मग गटाच्या मनात आलं, जत्रेत वांग्याचं भरीत आणि भाकरी ठेवावी. वांगी भाजायला मोडीच्या बाजारातून एक ग्रिल मिळाली. ग्रिल म्हणजे जाळीची शेगडी. होती परदेशी बनावटीची, चांगली मजबूत. तिच्या अंगालाच एक छोटा रेग्युलेटर बसवलेला होता.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी ती ग्रिल गाडीच्या नळीला जोडली. पेटवली तर जाळ पणतीएवढा. वांगं तासाभरातही भाजलं नसतं. जोडायला आलेल्या कारागिरानं सांगितलं, "गॅस कमी येतोय, मागचा रेग्युलेटर काढून टाकू." त्यानं तो काढला आणि सिलिंडरची नळी सरळ आत दिली. मग ग्रिल अशी फुलली की बायकांनी टाळ्या वाजवल्या. कारागीर पैसे घेऊन गेला.

अर्ध्या तासानं आमच्यातल्या एकीनं त्याच नळीवरची चहाची शेगडी पेटवली. जाळ थेट वरच्या ताडपत्रीला लागला. तिचा हात कोपरापर्यंत भाजला. शेजारच्या दुकानदारानं धावत जाऊन सिलिंडरची चावी बंद केली म्हणून तेवढ्यावर निभावलं. भरीत राहिलं, जत्रा राहिली, दवाखाना झाला.

त्या रात्री दवाखान्याच्या ओट्यावर बसून आम्ही एकमेकींना एकच प्रश्न विचारत होतो. ग्रिल नीट पेटली, मग शेगडी का भडकली? नळी तीच, गॅस तोच. चूक कुठं झाली हे आमच्यापैकी एकीलाही सांगता येईना. आम्ही रोज दोन वेळा गॅस पेटवणाऱ्या बायका. त्यातल्या काही जणी तर गेली वीस वर्षं.

उत्तर मिळालं ते जरा लांबून. गटातल्या एका सदस्येची मुलगी अमेरिकेत असते. फोनवर आईनं हे सगळं रडत रडत सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं आई, आमचंही असंच झालं होतं." उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी चाकावरचं घर भाड्यानं घेतलं होतं. तिकडे त्याला मोटरहोम म्हणतात. त्या गाडीच्या कुशीला बाहेरून गॅसची एक तोटी असते. तिला त्यांनी आपली छोटी ग्रिल लावली, तर जाळ पणतीएवढा! तिथल्या माणसानं मात्र मागचा रेग्युलेटर काढला नाही. त्यानं त्यांना बसवून समजावून सांगितलं. मग आम्हीही वाचत गेलो, विचारत गेलो आणि ही बाटली आली कुठून ते शोधत शंभर वर्षं मागे गेलो. तेच आज सांगतो आहोत.

सन १९१०. अमेरिकेतलं पिट्सबर्ग शहर. तिथं सरकारच्या खाणी विभागात वॉल्टर स्नेलिंग नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. मोटारी तेव्हा नव्या होत्या. एका मोटारवाल्यानं तक्रार केली की आपण पेट्रोल विकत घेतो आणि घरी पोचेपर्यंत त्यातलं बरंचसं उडून गेलेलं असतं. स्नेलिंग यांनी ते पेट्रोल बाटलीत भरून घेतलं, तर वाटेत बाटलीचं बूच पुन्हा पुन्हा उडायला लागलं. दुधाची गाडी चुकली तर दूध नासलं म्हणून आपण कपाळावर हात मारतो. स्नेलिंग यांनी मात्र उडून काय जातंय तेच पकडायचं ठरवलं. पाणी तापवायच्या जुन्या बंबाची वेटोळी नळी आणि प्रयोगशाळेतलं हाती लागेल ते सामान जोडून त्यांनी एक यंत्र उभं केलं आणि त्या पेट्रोलातून वायू वेगळे काढले. त्यात प्रोपेन होता, ब्युटेन होता. आज आपल्या लाल बाटलीत हेच दोघं असतात. अमेरिकेच्या बाटलीत बहुतेक प्रोपेनच असतो, कारण तिकडे थंडी फार. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास उडायचं थांबतो, तर प्रोपेन उणे ४२ अंशापर्यंत उडत राहतो.

या वायूंचा एक गुण मोठा सोयीचा आहे. दाबून धरले की त्यांचं पाणी होतं आणि दाब सोडला की पुन्हा वाफ. एक लिटर पातळ प्रोपेनचा सुमारे २७० लिटर वायू होतो. म्हणजे एवढ्याशा बाटलीत खोलीभर जाळ मावतो. शहरांतून तेव्हा कोळशाचा गॅस जमिनीखालच्या नळांनी घरोघर जात होताच, आपल्या मुंबईतही एकोणिसाव्या शतकात रस्त्यांवर गॅसचे दिवे होते. पण नळ जाणार कुठपर्यंत? शहराच्या वेशीपर्यंत. वेशीबाहेर शेतावर राहणाऱ्या बाईला लाकूड, कोळसा आणि धूर. बाटलीला नळ लागत नव्हता. ती बैलगाडीतून जाऊ शकत होती.

आणि ती गेलीही तशीच. १९१२ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यात वॉटरफर्ड गावाजवळच्या एका शेतघरात असा गॅस पहिल्यांदा जोडला गेला. पहिलं गिऱ्हाईक शहरातला कुणी शेठ नव्हता, शेतकऱ्याचं घर होतं. हे वाचलं तेव्हा आम्ही वाचणं थांबवून एकमेकींकडे पाहिलं. आपल्याकडे हीच बाटली शेतघरात शेवटी आली. त्याबद्दल पुढं बोलूच.

पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, स्नेलिंग यांनी आपलं पेटंट फ्रँक फिलिप्स या तेल व्यावसायिकाला ५०,००० डॉलरला विकलं. धंदा मोठा झाला. त्याचे आकडे आम्ही सोडून देतो, आपल्याला त्याचं काम नाही. आपल्याला हवी आहे ती बाटली आणि शेगडी यांच्या मधली वस्तू.

आता जरा विहिरीचं, बोअरचं उदाहरण घेऊ. आपल्या हवेत सिलिंडरच्या आत गॅसचा दाब असतो साधारण पाच ते सात किलो, म्हणजे एका चौरस सेंटीमीटर जागेवर एवढं वजन. दीडशे-दोनशे फूट बोअर काठोकाठ भरली तर तिच्या तळाशी पाण्याचा जेवढा दाब असेल, जवळपास तेवढा. आणि घरच्या शेगडीला लागतो किती? ३० ग्रॅम. एक फूट खोल हंडा भरला की त्याच्या तळाशी असतो तेवढा. बोअरच्या तळाचा दाब हंड्याच्या तळाएवढा करायचा, हे काम ती मुठीएवढी वस्तू करते. तिला आपण रेग्युलेटर म्हणतो आणि बहुतेक जणी ती म्हणजे फक्त चालू-बंदची चावी समजतो. आम्हीही तसंच समजत होतो.

तिच्या पोटात रबराचा एक पडदा असतो, एक स्प्रिंग असते आणि एक छोटी दांडी. घरावरच्या पाण्याच्या टाकीतला फुगा तुम्ही पाहिला असेल. पाणी वर आलं की फुगा वर येतो आणि तोटी बंद होते, पाणी वापरलं की फुगा खाली जातो आणि तोटी उघडते. तसंच इथं. गॅस जास्त झाला की पडदा फुगतो, दांडी ओढली जाते, भोक बारीक होतं. शेगडीनं गॅस ओढला की पडदा बसतो, भोक उघडतं. कुणी हात न लावता दिवसभर हे चालतं. अमेरिकेत या दाबाचं माप आजही पाण्यातच सांगतात. चाकावरच्या घराच्या नळीत ११ इंच पाण्याएवढा दाब असावा, असा तिथला रिवाज. म्हणजे २८ सेंटीमीटर. आपलं माप आणि त्यांचं माप यांत दोन बोटांचाही फरक नाही.

बाटलीतला जाळ असा मऊ झाला. पण दिसत नव्हता आणि वासही नव्हता. प्रोपेनला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, आणि तो हवेपेक्षा दीडपट जड असतो. गळला तर वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, खड्ड्यात साठतो. आपल्याला जो वास येतो तो मुद्दाम घातलेला आहे. त्यामागं मुलांचा जीव गेल्याची गोष्ट आहे. १८ मार्च १९३७ ला टेक्सास राज्यातल्या न्यू लंडन गावची शाळा सुटायच्या बेतात असताना कोसळली. तिथं बाटलीतला गॅस नव्हता. तेलाच्या विहिरींतून निघणारा वाया जाणारा गॅस खर्च वाचवण्यासाठी शाळेनं नळीनं जोडून घेतला होता. तो जमिनीखालच्या पोकळीत गळत राहिला. वास नाही, त्यामुळे कुणाला कळलं नाही. एका यंत्राची ठिणगी पडली. सुमारे तीनशे जीव गेले, बहुतेक शाळकरी मुलं आणि त्यांच्या शिक्षिका. त्यानंतर टेक्सासनं गॅसला वास घालायचा कायदा केला आणि हळूहळू सगळीकडे तीच पद्धत झाली. आज बाटलीतल्या गॅसमध्ये मर्कॅप्टन नावाचं द्रव्य कणभर घालतात. त्याचाच तो कुजक्या कोबीसारखा, अंड्यासारखा वास. घरात गॅसचा वास आला की आपण नाक मुरडतो. त्या तीनशे जणांच्या पदरात असं नाक मुरडायची सोयसुद्धा नव्हती.

आता चाकांकडे येऊ. अमेरिकेत १९३० च्या दशकात मोटारीमागं ओढायची छोटी घरं निघाली, वर गोल पत्रा आणि आत एक पलंग, एक शेगडी. पुढं गाडी आणि घर एकच झालं, तेच मोटरहोम. यात आयोवा राज्यातलं फॉरेस्ट सिटी हे गाव महत्त्वाचं. आजूबाजूला शेतीच शेती. शेतीवर सगळं गाव चालेना, दुसरा धंदा हवा, म्हणून तिथल्या व्यापाऱ्यांनी पुढाकार घेऊन १९५८ मध्ये अशा ओढायच्या घरांचा कारखाना गावात आणला. त्यातूनच विनेबागो ही कंपनी झाली आणि १९६६ पासून तिनं मोटरहोम बनवायला सुरुवात केली. गावानं गावासाठी काढलेला धंदा, म्हणून आम्हाला ही गोष्ट आवडली.

चाकावरचं हे घर उभं राहिलं ते बाटलीच्या जिवावर. रानात वीज नाही, नळ नाही. शेगडी गॅसवर, आंघोळीचं पाणी गॅसवर, थंडीत घर ऊबदार ठेवायचं तेही गॅसवर. आणि फ्रिजसुद्धा! विस्तवावर चालणारा फ्रिज ऐकून आमच्या बैठकीत हशा झाला. पण ते खरं आहे. स्वीडनमधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये तो शोधला. खाली छोटी ज्योत, वर बर्फ. कसं ते समजावून सांगायला आम्हाला आणखी एक भाषण लागेल.

एवढी सगळी भांडी एकाच नळीवर. म्हणून तिथले लोक दाब दोन पायऱ्यांनी उतरवतात. पहिली पायरी टाकीजवळ, तिथं तो सुमारे पाऊण किलोवर येतो. दुसरी पायरी त्याला लागूनच, तिथं ११ इंच पाण्यावर. आपल्याकडे जुन्या विहिरीत एक टप्पा करून पाणी उपसत, तसं काहीसं. एकदा दुसरी पायरी उतरली की पुढची सगळी नळी मऊ दाबाची.

आणि ग्रिल? तिचा जन्म वेगळ्या ठिकाणचा. अमेरिकेत घरातली शेगडी बाईची आणि अंगणातली ग्रिल पुरुषाची, असा साधारण रिवाज आहे. आठवडाभर स्वयंपाकघरात न शिरणारा गडी रविवारी एप्रन बांधून मांस भाजतो आणि सगळे त्याचं कौतुक करतात. आपल्याकडेही पार्टीला मटण शिजवणारे आचारी घरोघर असतातच, भांडी कोण घासतं ते विचारू नका. १९५२ मध्ये शिकागोच्या जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या गोळ्याचं पत्र्याचं अर्ध घेऊन झाकणाची गोल ग्रिल केली. ती कोळशाची. १९६० च्या दशकात गॅसच्या ग्रिल आल्या. मग प्रवासात न्यायच्या छोट्या आल्या. त्यांना एक पौंडाची, म्हणजे साडेचारशे ग्रॅमची, छोटी बाटली थेट खाली फिरवून लावतात. मध्ये दुसरं काहीच नसतं. म्हणून या ग्रिलच्या अंगालाच रेग्युलेटर असतो. ती बोअरच्या दाबाची वाट पाहत बसलेली असते.

आता कोडं सुटायला लागलं ना? मोटरहोमच्या कुशीतली तोटी मऊ दाबाची, दोन पायऱ्या उतरून आलेली. तिला ही ग्रिल लावली की गॅस आणखी एका रेग्युलेटरमधून जातो. उतरलेला दाब पुन्हा उतरवायचा प्रयत्न होतो, वाटेत अडतो, आणि जाळ पणतीएवढा. आमच्या टेम्पोत नेमकं हेच झालं होतं. गॅस कमी येत नव्हता. रेग्युलेटर एकाऐवजी दोन झाले होते.

अमेरिकेत यावर दोन वाटा काढल्या गेल्या. पहिली वाट अशी की ग्रिलच्या अंगावरचा रेग्युलेटर काढायचा आणि ती मऊ नळीला लावायची. पण तेवढ्यानं भागतंच असं नाही. गॅस जिथून बर्नरमध्ये शिरतो ते जेटचं भोक दाबाप्रमाणे पाडलेलं असतं. जास्त दाबाला बारीक भोक, कमी दाबाला मोठं. काही छोट्या ग्रिलचं भोक जास्त दाबासाठी असतं, ते बदलावं लागतं. पंपाच्या स्टोव्हला पिन मारलेल्या आपल्या सासवांना भोकाचं महत्त्व सांगायला नको. शिवाय ही ग्रिल मऊ दाबाची झाली की ती पुन्हा कधी सरळ बाटलीला लावायची नाही.

दुसरी वाट म्हणजे ग्रिल जशी आहे तशीच ठेवायची. टाकीतून गॅस निघाला की गाडीचा रेग्युलेटर येण्याआधीच एक फाटा काढायचा आणि तो फक्त ग्रिलला द्यायचा. ग्रिल आपला दाब आपण उतरवते. बाकीची शेगडी, फ्रिज, बंब हे गाडीच्या रेग्युलेटरच्या पलीकडे, मऊ नळीवर, जसेच्या तसे.

आमच्या कारागिरानं केलं ते दोन्हींपेक्षा वेगळं. त्यानं मधला रेग्युलेटरच उपटला. त्यामुळे अख्खी नळी बोअरच्या दाबाची झाली. ग्रिलला तिचा स्वतःचा रेग्युलेटर होता म्हणून ती शहाण्यासारखी पेटली. चहाच्या शेगडीला काहीच नव्हतं. हंड्याच्या दाबाची शेगडी आणि आत घुसला बोअरचा दाब. ज्या बाईनं टाळ्या वाजवल्या तिचाच हात भाजला.

अमेरिकेनं आणखी काही गोष्टी हळूहळू, चुका करत शिकल्या. जळणाऱ्या गॅसच्या जुन्या जोडणीचे आटे त्यांनी उलटे ठेवले, म्हणजे दुसऱ्या कशाची नळी चुकून तिथं बसू नये. टाकी कधी काठोकाठ भरायची नाही, ऐंशी टक्क्यांवर थांबायचं, कारण उन्हात आतलं पाणी फुगतं आणि त्याला जागा लागते. भरणाऱ्याच्या अंदाजावर हे सोडायला नको म्हणून छोट्या सिलिंडरच्या आतच फुगा बसवला. १ एप्रिल २००२ पासून हा फुगा नसलेले छोटे सिलिंडर भरून द्यायचे नाहीत असं ठरलं. मोटरहोममध्ये गळतीची घंटा बसवतात ती छताला नसते. ती जमिनीलगत असते, का ते आता तुम्हाला ठाऊक आहे. काही बोगद्यांतून गॅसची टाकी असलेली गाडी नेऊच देत नाहीत. आणि ग्रिल, कितीही पाऊस असो, गाडीच्या आत पेटवायची नाही. कोंडलेल्या जागेत जाळातून निघणारा विषारी धूर दिसत नाही आणि माणूस झोपेतच जातो.

आपल्याकडे ही बाटली १९५५ च्या सुमारास आली. मुंबईत बर्मा-शेल कंपनीनं बर्शेन या नावानं ती विकायला सुरुवात केली. इंडेनची पहिली जोडणी २२ ऑक्टोबर १९६५ ला कलकत्त्यात झाली. मुंबई, कलकत्ता, मग जिल्ह्याची गावं, मग तालुके. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. आमच्या आयांच्या पिढीत लग्न ठरवताना मुलाकडे गॅस आहे का, असं विचारत. अमेरिकेत शेतघरापासून निघालेली बाटली आपल्याकडे शहरातून निघाली आणि शेतघरी पोचायला तिला साठ वर्षं लागली. १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली. योजनेतली आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ ला औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, दिली गेली. तो मेळावा बचतगटांच्या बायकांचाच होता. आमच्या तालुक्यातूनही गाड्या भरून गेल्या होत्या. पुढची टाकी भरायला पैसे कुठून आणायचे हा प्रश्न आहेच, त्यावर आपण याच रेडिओवर पुष्कळ बोललो आहोत. जोडणी मात्र बाईच्या नावावर झाली, हे आम्ही मोठं समजतो. कार्डावर नाव बाईचं, आणि रेग्युलेटर लावायची वेळ आली की "अहो, जरा बघता का?" घरी कुणी नसलं तर शेजारच्या पोराला हाक.

जत्रेनंतर महिनाभरानं, हात बरा झाल्यावर, गटानं गाडी पुन्हा उभी केली. या वेळी एजन्सीचा प्रशिक्षित माणूस बोलावला आणि बैठकीत ठराव करून अट घातली की त्यानं काम सगळ्यांसमोर, बोलत बोलत करायचं. त्याला आधी अवघड वाटलं. पंचवीस बायका भोवती बसलेल्या, प्रत्येकीला प्रश्न. मग तो रंगला. गाडीचा रेग्युलेटर नवा बसवला. ग्रिलच्या अंगावरचा काढला आणि तिचं जेट बदललं, म्हणजे आम्ही पहिल्या वाटेनं गेलो. ग्रिलच्या फाट्यावर वेगळी चावी दिली. जुनी रबरी नळी टाकून आत तार असलेली केशरी नळी लावली आणि तिच्यावर छापलेली तारीख आम्हाला वाचायला लावली, ती पाच वर्षांनी बदलायची असते. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं. एका जोडावर बुडबुडे आले. तो आमच्यातल्या एकीनंच पान्यानं आवळला.

शेवटी त्यानं पिशवीतून एक पारदर्शक नळी काढली. इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून फळीवर बसवलेली, आत अर्धी पाणी भरलेली. तिचं एक तोंड त्यानं गाडीच्या गॅसच्या नळीला लावलं आणि चावी उघडली. एका बाजूचं पाणी खाली गेलं, दुसऱ्या बाजूचं वर चढलं आणि थांबलं. हात भाजलेली आमची मैत्रीण पुढं झाली. तिनं फळीवर आपला पंजा ठेवून दोन्ही बाजूंतला फरक मोजला. एक वीत आणि वर चार बोटं. तिनं तो गटाच्या वहीत तारखेसह लिहायला सांगितला, आणि मग वांगी भाजायला घेतली.